तुळसाबायची बिनआवाजाची गाडी

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. विजेवर चालते. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गंजलेला पत्रा आणि खडखडणारी दारं येतील, म्हणून आधीच सांगते, माझं वय काही फार नाही. तुमच्यातले जे चौथी-पाचवीत आहेत, त्यांच्याहूनही मी लहान आहे. पण मित्रांनो, गाडीचं वय बाजारात ठरतं. आणि बाजाराने मला फार लवकर म्हातारी ठरवलं.

घाटापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. यंत्रांच्या लांब लांब हातांनी मला जोडलं. शेवटी निळा डगला घातलेल्या एका बाईने माझ्या दारावरून बोट फिरवून रंग तपासला आणि पाठीवर थाप मारावी तशी माझ्या टपावर थाप मारली. माणसाचा पहिला स्पर्श मला झाला तो असा. मग ट्रेलरवर चढून, घाटाची वळणं उतरत मी रत्नागिरीला आले.

तेव्हा विजेच्या गाड्यांची नुसती हवा होती. शोरूमच्या दारात मला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. लोक यायचे, चहा प्यायचे, माझ्या आरशात केस नीट करून जायचे. त्यातच एक दिवस पावसचे अनिलदादा आले. गावाच्या वरच्या अंगाला त्यांची हापूसची बाग. ते माझ्याभोवती फिरले, आत बसले, बटण दाबलं आणि वाट बघत राहिले.

"अहो, चालू कधी होणार ही?" त्यांनी विक्रेत्याला विचारलं.

"झाली की दादा! मघाशीच झाली."

सगळं शोरूम हसलं. अनिलदादाही हसले, आणि त्या हसण्यातच माझा सौदा ठरून गेला.

पावसला त्यांच्या आईने, सावित्रीकाकींनी, मला ओवाळलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. वाडीतली पोरं माझ्या बॉनेटला कान लावून उभी राहिली. "आत कोणीच नाय रे!" असं एकाने जाहीर केल्यावर बाकीच्यांनीही ऐकून खात्री करून घेतली. त्या वर्षी आंब्याच्या पेट्या मी रोज शहरात नेल्या. माझ्या हौद्याखाली इंजिन तापत नसल्यामुळे फळाला ऊब लागत नसे. अनिलदादा भेटेल त्याला हे सांगत. मी ऐकत असे आणि मनातल्या मनात फुगत असे.

पण मित्रांनो, या कौतुकाला फार लवकर ओहोटी लागली.

दुसऱ्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणी बाजारात आल्या. एका चार्जिंगमध्ये त्या माझ्याहून कितीतरी लांब जात, आणि किंमत मात्र माझ्याहून कमी. मला बघून ज्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं होतं, ते म्हणाले, "थांबूया. पुढच्या वर्षी आणखी स्वस्त होईल." पुढच्या वर्षीही ते थांबलेच. कुणाला वाटेत चार्जिंग मिळेल की नाही याची धाकधूक, कुणाला बॅटरीची. शोरूममध्ये नव्या कोऱ्या गाड्या धूळ खात उभ्या राहिल्या. मग शटर खाली आलं. आज तिथे फरश्या विकतात. मला ओळखणारा एकुलता एक मेकॅनिक कोल्हापूरला निघून गेला.

अनिलदादांना आता पुण्याचं गिऱ्हाईक मिळालं होतं. तेवढ्या लांबची माझी धाव नव्हती. त्यांनी डिझेलवर चालणारी एक पिकअप घेतली. ती माझ्या जागी शेडमध्ये उभी राहिली, आणि मी बाहेर काजूच्या झाडाखाली आले.

मला विकायचं ठरलं. दलाल येत, टायरला लाथ मारून बघत आणि एकच प्रश्न विचारत, "बॅटरी अजून किती टिकेल?" त्याचं उत्तर कुणालाच देता येत नसे. मग ते एक भाव सांगत. पुढच्या महिन्यात येणारा त्याहून खालचा सांगे. चहाच्या टपरीवर लोक अनिलदादांना विचारत, "काय, ती मुकी गाडी गेली का?" दादा त्यांच्याबरोबर हसत, पण घरी आल्यावर माझ्याकडे न बघता आत जात. त्यांचा माझ्यावर राग नव्हता. त्यांना लाज वाटत होती, आणि ते मला रागापेक्षा जड जाई.

तरी त्या दिवसांतही एक गंमत झाली. काकींच्या तांबड्या कोंबडीला माझ्या हौद्यातला पेंढ्याचा कोपरा आवडला. ती तिथेच अंडी उबवायला, रवणाला बसली. अनिलदादा तिला हुसकवायला गेले तर काकी म्हणाल्या, "बसू दे रे. कुणाच्या तरी कामाला येतेय गाडी." थोड्याच दिवसांत माझ्या अंगावर पिवळी पिल्लं धावू लागली. आंब्याच्या पेट्यांना पाय नव्हते. ही पिल्लं म्हणजे धमालच होती!

काकींनी माझ्यावर आणखी एक उपकार केला. दर आठवड्याला त्या अनिलदादांच्या मागे लागत, "चार्ज कर, अंगणात एक फेरी मार." दादा कुरकुरत, पण फेरी मारत. नाहीतर माझी बॅटरी तिथेच मेली असती आणि पुढचं काही घडलंच नसतं.

शेवटी शहरातला विनोद नावाचा भंगाराचा व्यापारी आला. तो म्हणाला, "गाडी म्हणून नको मला. एका रिसॉर्टला वीज साठवायला बॅटरी हवी आहे. ती काढून घेतो, बाकी पत्रा भंगारात." अनिलदादा हो म्हणाले. विनोद शनिवारी दुपारी मला न्यायला येणार असं ठरलं.

आणि गुरुवारी तुळसाबाय आली.

तुळसाबाय मिरकरवाड्याची. बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि गावोगाव नेऊन विकायची, हा तिचा बऱ्याच वर्षांचा धंदा. पूर्वी चार-पाच जणी मिळून एका टेम्पोने जात. पण त्या टेम्पोवाल्याला जांभ्या चिऱ्यांचं भाडं जास्त परवडू लागलं आणि त्याने मासळी सोडली. बाकीच्या जणी शहरातल्या बाजारात बसू लागल्या. तुळसाबायची सगळी गिऱ्हाइकं खेड्यांत. ती पाटी घेऊन एसटीने जायला निघे, तर कंडक्टर वासाला वैतागून तिला खाली उतरवी. त्या दिवशी ती मिळेल त्या रिक्षाने, उरलेलं अंतर चालत, काकींच्या अंगणात पोहोचली तेव्हा बर्फाचं पाणी तिच्या मानेवरून ओघळत होतं. तिने पाटी उतरवली आणि माझ्या फाळक्याला टेकली.

"गो काकी, ही गाडी कोणाची?"

"आमचीच. अनिलची हौस."

"चालता?"

"चालता तर! पण कोण घेत नाय. शनिवारी तोडायला नेणार."

"चालती गाडी तोडायची?" तुळसाबाय इतक्या मोठ्याने म्हणाली की पिल्लं काजूमागे पळाली आणि अनिलदादा घरातून बाहेर आले.

दादा सरळ माणूस. ते म्हणाले, "तुळसाबाय, खोटं कशाला सांगू? पूर्वीसारखी लांब जात नाही ती आता. आणि उद्या विकायला काढलीत तर मातीमोल जाईल."

"मी विकायला घेतच नाय, चालवायला घेते. मिरकरवाडा नि माझी चार गावं, एवढंच तर जायचं."

"चालवणार कोण?"

"माझी सून हाय ना, राही. मालगुंडची. गणपतीपुळ्याला बापाची जीप चालवायची. लग्नानंतर स्टेअरिंगला हात नाय लावला, पण लायसन हाय."

अनिलदादा घुटमळले. विनोदला शब्द दिला होता. तेव्हा काकी बोलल्या, "शनिवारी दुपारपर्यंत गाडी आपलीच ना? सकाळी त्यांना एक फेरी मारू दे. दुपारच्या आत परत आली, तर त्यांची."

"आणि वाटेत बंद पडली तर?"

"तर तुझा विनोद तिथूनच उचलेल."

असं माझं नशीब एका सकाळवर येऊन ठेपलं.

शुक्रवारी तुळसाबायबरोबर राही आली. सडपातळ, अबोल मुलगी. अंगणात दोन-चार फेऱ्या मारून तिने मला समजून घेतलं. पिल्लांची काकींनी टोपलीत सोय केली. रात्री दोघी काकींकडेच राहिल्या. शनिवारी उजाडताना पोटभर चार्ज होऊन मी निघाले. राही चालवायला, शेजारी तुळसाबाय.

आता या दोघींबद्दल सांगायला हवं. तुळसाबायचा मुलगा अजिंक्य बोटीवर नोकरीला. तो महिनोन्‌महिने समुद्रावर, आणि घरात या दोघीच. त्यांच्यात भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. सासू अंधारात बंदरावर जाई, दमून परत येई, चार शब्द बोले आणि झोपे. ते चार शब्दही एवढ्या जोरात की राही आणखी गप्प होई.

"डावीकडे घे!" तुळसाबाय ओरडली. "हळू! खड्डा! खड्डा!"

माझ्या बंद केबिनमध्ये तो आवाज नगाऱ्यासारखा घुमला. भाट्याचा पूल आला तेव्हा राहीने ओठ घट्ट मिटून घेतले होते. पुलाच्या मध्यावर ती म्हणाली, "आई, ओरडू नका ना. मी चुकले असेन तर सांगा, पण रागावू नका."

"रागावले? मी?" तुळसाबाय चकित झाली. "अगो, मी कधी रागावले तुज्यावर?"

"रोजच रागावता. लग्न झाल्यापासून."

 खाडी मागे पडली. मग तुळसाबाय म्हणाली, "टेम्पोत शेजारणीलाही ओरडल्याशिवाय ऐकू जायचं नाय गो. लिलावात तर त्याहून. सवय झाली ती. मला वाटायचं, तुला मासळीवाली सासू आवडत नाय, म्हणून तू गप."

राहीने तिच्याकडे बघितलं आणि ती फिसकन हसली. तुळसाबायही हसली. मग तिने घसा खाकरला आणि देवळात बोलावं तसं हळूच म्हणाली, "पुढं... खड्डा हाय." ते ऐकून राही इतकी हसली की खड्ड्यात मी गेलेच!

बंदरावर पहाटे आलेल्या बोटींच्या मासळीचे लिलाव रंगात आले होते. बांगडा, मांदेली, सौंदाळे अशा मासळीचे क्रेट बर्फात दाबून माझ्या हौद्यात चढले. बऱ्याच दिवसांनी पाठीवर ओझं आलं. मी हातखंब्याच्या चढाला लागले.

चढ लांब होता, आणि माझ्या पडद्यावरचा चार्जिंगचा आकडा भराभर उतरू लागला. तुळसाबायची नजर त्यावर खिळली.

"राही, थांब! संपत आलं हे!"

"थांबून वाढणार आहे का, आई?"

आम्ही पहिल्या वाडीत पोहोचलो. गाडी उभी राहिली, आणि कोणीच आलं नाही. दारं बंद, अंगणं रिकामी. तुळसाबाय गोंधळली. टेम्पो असताना बायका ताट घेऊन रस्त्यावर उभ्या असायच्या. मग तिच्या लक्षात आलं. टेम्पोचा फटफटाट दोन वळणं आधीपासून ऐकू यायचा, तीच मासळी आल्याची वर्दी असे. मी तर मांजराच्या पावलांनी आले होते.

राहीने हॉर्न वाजवला. एका कुत्र्याने मान वर केली, एवढंच. बर्फ विरघळत होता. या वाडीत मासळी खपली नाही तर पुढच्या वाडीतही हेच होणार, मग मी चालून तरी काय उपयोग? माझा सगळ्यात मोठा गुण सगळ्यांसमोर माझा दोष होऊन बसला. मित्रांनो, एवढी शरम मला दलालांच्या लाथांनीही वाटली नव्हती.

तुळसाबाय खाली उतरली. पदर खोचला. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि टेम्पोच्या आधीच्या काळात, तरुणपणी पाटी घेऊन पायी हिंडताना घालत असे तशी तिने साद घातली.

"बांगडाऽऽ आला गोऽऽ! मांदेली, सौंदाळेऽऽ!"

तो आवाज कौलांवरून, माडांवरून पार पऱ्ह्याच्या पाण्यापर्यंत गेला. एक दार उघडलं, मग दुसरं. आनंदीबाई नावाची एक म्हातारी हातातला तवा तसाच घेऊन धावत आली.

"तुळसे, तू काय चालत आलीस? टेम्पो ऐकलाच नाय!"

"ही बघ माझी गाडी! धूर नाय, आवाज नाय!"

"आवाज तुझा आहे की भरपूर!"

सगळ्या बायका हसल्या. वाटे लागले, पिशव्या भरल्या. राही सासूकडे बघत होती. "आई," ती म्हणाली, "हा आवाज कधी कमी करू नका. फक्त केबिनमध्ये तेवढा." पुढच्या वाडीत तर राहीनेही साद घालून बघितली. पहिली साद तिच्याच घशात अडकली, दुसरी एका अंगणापर्यंत गेली. तुळसाबायने तिला पोटातून आवाज काढायला शिकवलं.

क्रेट रिकामे झाले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. आकडा मात्र फारच खाली आला होता. दोघी परत निघाल्या. उतार लागला. राहीने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि मी माझ्या चाकांच्या गतीने बॅटरी भरू लागले. उतारावर मी वीज बनवते, ही माझ्या जातीची खुबी. अनिलदादा घाईत ती सांगायलाच विसरले होते.

"आई, वाढलं!"

"काय वाढलं?"

"आकडा! बघा, परत वाढला!"

"अगो, फुकट?" तुळसाबायने पडद्याला बोट लावून बघितलं. "समोर आणखी उतार हाय काय?"

उतार होता, पण त्यानंतर गोळपचा चढही होता. त्या चढावर माझ्या पडद्यावर लहानसं कासव उमटलं. त्याचा अर्थ, आता जेमतेम चालेन. मागच्या गाड्या भोंगे वाजवत पुढे गेल्या. एका सायकलवाल्यानेही आम्हाला मागे टाकलं. तुळसाबाय माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवून पुटपुटत होती, "चल बाय, चल, एवढं एक वळण." मी माझ्या अंगातला कण न् कण चाकांत ओतला. सडा आला. हिरवळ पिवळी पडू लागलेलं ते मोकळं माळरान मला इतकं सुंदर कधीच दिसलं नव्हतं. पलीकडे पावसचा उतार.

अंगणात विनोद क्रेनची गाडी घेऊन उभा होता. पान्यांची पेटी त्याने उघडूनही ठेवली होती. मी आवाज न करता त्याच्या मागे येऊन थांबले, आणि राहीने हॉर्न दाबल्यावर तो असा दचकला की पाना त्याच्या हातातून पडला.

"ताई, फसाल," तो तुळसाबायला म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, धंद्याचं बोलत होता. "नव्या गाड्यांनाच गिऱ्हाईक नाही. वर्षभरात हिला कोण फुकटही नेणार नाही."

"मग बरंच," तुळसाबाय म्हणाली. "चोरीची भीती नाय!"

अनिलदादा खळखळून हसले. किती दिवसांनी! विनोदला त्यांनी चहा दिला आणि माझी किल्ली तुळसाबायच्या हातात. जे विनोद देणार होता तेवढंच त्यांनी घेतलं, तेही हंगामभर जमेल तसं. काकींनी मला पुन्हा ओवाळलं.

मित्रांनो, तेव्हापासून मी मिरकरवाड्याची झाले. माझा भाव पडत पडत इतका खाली आला, म्हणून तर तुळसाबायचा हात माझ्यापर्यंत पोहोचला. वरच राहिले असते तर कुणा दुसऱ्याच्या दारात नुसती चमकत उभी असते.

घराच्या भिंतीला राहीने माझ्यासाठी पक्कं कनेक्शन करून घेतलं. खारं पाणी पत्रा खातं, म्हणून रोज गावं फिरून आल्यावर ती मला गोड्या पाण्याने धुते, अगदी खालून, वाकून. केबिनमध्ये दोघींच्या गप्पा चालतात. राही मालगुंडच्या गोष्टी सांगते. तुळसाबाय नवऱ्याच्या आठवणी सांगते, ज्या तिने कुणालाच सांगितल्या नव्हत्या. बोटीवरून अजिंक्यचा फोन आला की तो विचारतो, "दोघी एकदम का बोलताय? एकीने बोला!"

आंब्याच्या दिवसांत एकदा अनिलदादा जरा संकोचून आले. त्यांची डिझेलची गाडी बिघडली होती. तुळसाबाय म्हणाली, "न्या की! पण हापूसला बांगड्याचा वास लागला तर मला बोलायचं नाय." दादांनी मला दोनदा हुंगलं आणि एसटीने परत गेले.

या वर्षी नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत नारळ कुठल्या गाडीवर ठेवायचा, यावर मिरकरवाड्यात चर्चा झाली. दरवर्षी एखादा टेम्पो असे. पावलापावलाने चालताना त्याचं इंजिन तापे, आणि मागे नाचणाऱ्या बायकांच्या नव्या लुगड्यांवर काजळी बसे. या वर्षी बायकांनीच एकमताने सांगितलं, "तुळसाची गाडी." मला केळीचे खांब बांधले. कागदाचे मासे लावले. भर दुपारी राहीने मला बंदराच्या रस्त्यावर माणसाच्या चालीने नेलं. पुढे ढोल, मागे गाणी म्हणत बायका, आणि सगळ्यांच्या पुढे पदर खोचून नाचणारी तुळसाबाय. समुद्राला नारळ अर्पण झाला तेव्हा बोटींच्या शिट्या एकदम वाजल्या, आणि राहीने माझा हॉर्न दाबून त्यात भर घातली.

आत्ता राही मला धुते आहे. चाकांतून मिरवणुकीचा गुलाल वाहतो आहे. तोवर तुमच्याशी दोन शब्द बोलून घेते. मित्रांनो, तुमच्या घरी एखादी सायकल, एखादं यंत्र, एखादी गाडी कोपऱ्यात उभी असेल, तर आज तिच्यावरची धूळ पुसा. हवा भरा, तेल घाला, एक फेरी मारा. चालवल्याने आम्ही झिजतो हे खरं, पण उभं राहिल्याने आम्ही मरतो. आणि तुम्हाला नकोशी झाली असेल, तर तोडण्याआधी शेजारीपाजारी विचारून बघा. कुणाची तरी चार गावं तिची वाट बघत असतील.

राहीने नळी बंद केली. चार्जरची वायर माझ्यात खोचली. दिवा हिरवा झाला. पावसाळाभर किनाऱ्याला लागलेल्या बोटी उद्या परत समुद्रात जाणार, आणि बऱ्याच दिवसांनी ताजी मासळी येणार. माझ्या टायरमधली हवा बघायला तुळसाबाय वाकली आहे.